होकाराचा रकाना

कोल्हापूर
९ जून २०२५

क्रांते,

तर फोन कट झाला तेव्हा मी तीन अवस्थांवर आले होते. मसुदा, प्रसिद्ध आणि मागे घेतलेली. तुमच्याकडची रेंज गेली की मामाने, म्हणजे तुझ्या आप्पांनी, फोन ओढून घेतला, माहीत नाही, पण हे पूर्ण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून मेल करतेय. काजू फॅक्टरीच्या ऑफिसात निवांत बसून वाच. घरचा फोन म्हणजे तुमच्याकडची चावडी आहे, कोण कधी उचलेल नेम नाही.

आधी ख्वाजाचाचांचं सांगते. लक्ष्मीपुरीतले, ज्यांच्या प्रेसमध्ये तुझ्या थोरल्या ताईची लग्नपत्रिका छापली, तेच. आता कागदाची पत्रिका देवापुढे ठेवायला पन्नास छापतात आणि बाकी सगळ्यांना मोबाईलवर लिंक जाते. चाचांची वेबसाइट दोन वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिली आणि तो माणूस पुण्याला गेला. आता ती माझ्याकडे आलीय. कंपनीचं नाही, माझं स्वतःचं पहिलं काम.

सगळ्या पत्रिका एका टेबलमध्ये असतात. टेबल म्हणजे रकाने आखलेली वही समज. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, तारीख, कार्यालय, निमंत्रक. एक ओळ म्हणजे एक पत्रिका. त्या वहीशी जो कोड बोलतो त्याला मॉडेल म्हणतात. आता भानगड अशी की ओळ लिहिली की ती झाली. कच्ची आहे का पक्की, वहीला कळतच नाही. चाचांची पद्धत काय, तर कच्ची असली की लिंक कुणाला द्यायची नाही. लिंक नाही म्हणजे दिसत नाही. आत्तापर्यंत चाललं.

पण आता त्यांना 'येती लग्नं' असं एक पान पाहिजे, तालुक्याप्रमाणे यादी. बँडवाले, मांडववाले, केटरर्स, सगळे तिथं बघतील, साइट चालेल. मग कच्च्या पत्रिका त्या यादीत येऊन कसं चालेल? तर मला एक प्लगइन सापडलं. जगात कुठंतरी बसलेल्या माणसानं लिहून फुकट ठेवलेलं. मॉडेलमध्ये एक ओळ टाकायची, टेबलला एक रकाना वाढवायचा, बस. त्यानंतर प्रत्येक पत्रिकेला स्वतःची अवस्था माहीत असते. 'फक्त प्रसिद्ध दे' म्हटलं की तेवढ्याच हातात येतात. मागे घेतली तरी पुसली जात नाही, नुसती आत जाऊन बसते. मी रविवारी चार तास त्याचा कोड वाचत होते. आई म्हणाली, कुणाचं पत्र आलंय काय.

तुला बोअर झालं असेल तर सांग. पण खरं सांग.

तुझी,
राणी

---

चंदगड
१२ जून

राणे,

बोअर न्हाय झालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा डबा खाताना, त्यामुळं कीबोर्डावर चटणी सांडली हाय.

तुझ्या त्या अवस्था आमच्याकडं बी हायत की. बिया वाफवून फोडल्या, वाळवल्या, साल काढली की गर निवडायला येतो. अख्खा, पाकळी, तुकडा. ज्या पोत्याचं अजून ठरलं न्हाय त्याला आम्ही लाल दोरी बांधतो. लाल दोरी दिसली की त्या पोत्याला कुणी हात लावायचा न्हाय, मालकानं सुद्धा. तुझा मसुदा म्हंजे लाल दोरी, असंच न्हवं?

पण एक मला कळलं न्हाय. आमच्याकडं दोरी सोडायचा हक्क निवडणाऱ्या बाईला हाय. पोतं जिनं निवडलं तिनंच सोडायची. तुझ्याकडं मसुद्याची प्रसिद्ध कोण करतं? प्लगइन करतं? का चाचा?

इकडं काय न्हाय. पाऊस. मागल्या महिन्यात शिरोळकडचं पावणं आलतं सहाजण, पोहे खाऊन गेलं. पोरगा ट्रॅक्टरचं वर्कशॉप चालवतो. विश्वजित नाव. बोलला काय न्हाय, एकदा पाणी मागितलान तेवढंच. आप्पा म्हणालं, बघू. म्हंजे सांगण्यासारखं काय न्हाय.

मागे घेतलेली पत्रिका कुणाला दिसती, ते बी सांग. उगीच इचारत्ये.

क्रांती

---

कोल्हापूर
२० जून

क्रांते,

लाल दोरी. मी हे चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, या पोरीला माझ्याकडं कामाला पाठव.

तुझा प्रश्न एकदम करेक्ट होता आणि मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. प्लगइन स्वतः काही ठरवत नाही. त्याला फक्त अवस्था माहीत, हक्क माहीत नाही. कुणीही 'प्रसिद्ध कर' म्हटलं की ते करतं. हक्काचं आपल्याला वेगळं लिहावं लागतं. मी चाचांना विचारलं, तुमच्याकडे ओके कोण देतं? ते म्हणाले, "यजमान. म्हणजे ज्यानं ऑर्डर दिली तो. वडील असतात, नाहीतर चुलता. पूर्वी प्रुफावर सही घ्यायचो आणि 'छापा' शिक्का मारायचो, आता फोनवर विचारतो." मग मी तसंच केलं. यजमानाच्या नंबरवर मेसेज जातो, त्यानं ओके दाबलं की पत्रिका प्रसिद्ध. मागे घेतलेली फक्त चाचांना आणि मला दिसते.

आता गंमत ऐक. बुधवारी मी सगळं चालू केलं आणि साइट रिकामी. एकसुद्धा पत्रिका नाही. कारण प्लगइन नवा रकाना वाढवतं तेव्हा जुन्या सगळ्या ओळींना 'मसुदा' धरतं. त्याचा स्वभावच तो, सांगितलं नाही तर कच्चंच समजायचं. पाच मिनिटांत चाचांना फोन सुरू. एक माणूस तर कार्यालयाच्या दारातून बोलत होता, पाहुणे लिंक उघडतायत आणि तिथं 'सापडली नाही' येतंय. चाचा माझ्याकडे बघत होते, मी स्क्रीनकडे.

मी काय केलं? एक ओळ लिहिली. जुनं जे जे आहे ते सगळं प्रसिद्ध. सहाशे बारा पत्रिका एका सेकंदात परत आल्या. चाचांनी चहा मागवला. 'येती लग्नं' पान पण त्याच दिवशी चालू झालं. तू बघ ना, चंदगड तालुका निवडून. मला इतकं भारी वाटतंय की काय सांगू.

राणी

---

चंदगड
२४ जून, सकाळी

वर्षाराणी,

बघितलं तुझं पान. मी बघायच्या आधी सगळ्या तालुक्यानं बघितलं.

काल अकराला ऑफिसातला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडं म्हणतोय, "पावणं, नेसरीतनं बँडवाला बोलतोय. घरचा नंबर लागंना म्हणून गावात इचारून हा काढला. एक डिसेंबरचं ठरलंय न्हवं?" मी म्हंटलं, कुणाचं? "क्रांती गावड्यांचं की." मी म्हंटलं, क्रांती मीच. मग म्हणतोय, "मग ताई, अभिनंदन. घोडा आमच्याकडंच हाय, पायजे का तेवढं सांगा."

दुपारपर्यंत मांडववाला झाला, फोटोवाला झाला. निवडायच्या हॉलमधल्या बायका पेढे मागाय लागल्या. मालक म्हणालं, मग त्या कोर्सचं काय करायचं?

तो कोर्स तुला म्या सांगितला न्हवता. आता सांगत्ये. कोकणात काजू प्रक्रियेचा एक वर्षाचा हाय. पुढल्या साली नवं युनिट चालू हुणार, ते शिकून आलीस तर ते तू बघ, असं मालक म्हणालेत. फॉर्म दहा जुलैपर्यंत भरायचा. आप्पांना म्हंटलं, एक वर्ष थांबा. ते म्हणालं, बघू. पावण्यांना बी बघू, मला बी बघू. मला वाटलं अजून बघत्यात. आणि इकडं तुझ्या साइटवर माझं नाव, त्याचं नाव, तारीख, कार्यालय. नवरीला सोडून सगळ्यांना म्हाईत.

तू केलंस का हे? तुला म्हाईत हुतं?

क्रांती

---

कोल्हापूर
२४ जून, दुपारी

क्रांते,

मला माहीत नव्हतं. पण केलं मीच. दोन्ही खरं आहे.

तुझा मेल वाचल्या वाचल्या पत्रिका मागे घेतली. आता ती यादीत नाही, लिंकवर पण नाही. ज्यांनी फोटो काढून ठेवला असेल त्यांचं माझ्या हातात नाही. सॉरी म्हणणं फार छोटं आहे, तरी म्हणते.

काय झालं ते सांगते. त्या सहाशे बारांमध्ये एकोणीस कच्च्या होत्या. चाचा कच्चीची लिंक कुणाला देत नाहीत, ही त्यांची लाल दोरी होती. पण ती त्यांच्या डोक्यात होती, वहीत नव्हती. मी 'सगळं प्रसिद्ध' म्हटलं आणि एकोणीस दोऱ्या एकदम सोडल्या. एकदा विचारायला पाहिजे होतं. साइट रिकामी बघून घाबरले आणि विचारलं नाही. बाकीच्या अठरा पण आता परत मसुद्यात टाकल्यात.

आणि एक डिसेंबर ही कुणी ठरवलेली तारीख नाही. फॉर्म रिकामी तारीख घेत नाही, म्हणून ठरलं नसेल तिथं चाचा एक डिसेंबर टाकतात. कार्यालय पण थोरल्या ताईचंच परत टाकलंय.

मग पत्रिका केलीच कशाला? मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, मामा मेमध्ये येऊन गेला. ताईच्या पत्रिकेत भावकीतल्या सयाजीतात्यांचं नाव राहिलं होतं ना, आणि तात्या लग्नादिवशी दार लावून घरात बसले. मामाला ते चार वर्षं लागून राहिलंय. तो चाचांना म्हणाला, लग्न जमेल तेव्हा जमेल, आधी नावं बसतात का बघू. भावकीची बेचाळीस नावं आहेत, मी मोजली. तात्या सगळ्यांत वर. खाली लहान मुलांच्या ओळीत 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं' म्हणून जी नावं असतात, त्यात माझं नाव आहे. मी तेवीस वर्षांची आहे.

मामाचा फोन काल प्रेसवर आला होता. चाचांना वाटलं आता शिव्या खातो. तर मामा म्हणाला, "यादीत आमची पत्रिका दिसली. मुरगूडच्या पावण्यांचं आडनाव चुकलंय."

चाचा म्हणतायत, पुसून टाक, भांडण नको. पुसली की कायमची जाते, मागे घेतली तर आत राहते. मी काहीच करत नाही. ती तुझी आहे. तू सांग.

राणी

---

चंदगड
२ जुलै

राणे,

आठ दिवस लिवलं न्हाय कारण लिवण्यासारखं लई झालं.

पंचवीसला ऑफिसात परत फोन. मी उचलून म्हंटलं, घोडा नको. पलीकडं कुणीतर हसलं. म्हणतोय, "घोडा न्हाय माझ्याकडं. ट्रॅक्टर हाय. मी विश्वजित."

त्यालाबी जयसिंगपूरच्या मांडववाल्याकडनं कळलं. त्याला घरात सांगितलंवतं, मुलीकडनं निरोप यायचा हाय. माझ्याकडं आप्पा म्हणत हुते, बघू. म्हंजे दोन्हीकडं थांबलेली माणसं, आणि मधी पत्रिका तयार.

मी म्हंटलं, "मला न्हाय इचारलं कुणी."

तो म्हणाला, "मला इचारलं, पण असं की पोहे बरे हुते का."

"मग काय म्हणालासा?"

"पोहे बरे हुते म्हंटलं. त्याचा अर्थ एक डिसेंबर हुतोय हे म्हाईत न्हवतं."

मग मी त्याला कोर्सचं सांगितलं. कशापायी सांगितलं म्हाईत न्हाय, आप्पांना नीट सांगाय जमलं न्हवतं ते ह्याला दहा मिन्टात सांगितलं. शेवटी इचारलान, काजूची साल मशीननं काढताना गर फुटत न्हाय का? मी म्हंटलं, तेच तर शिकायचं हाय. म्हणाला, मशीन बिघडली तर सांगा.

त्याच सांजंला आप्पांना धरलं. रोप लावून आलते, पाय धूत हुते. मी म्हंटलं, आप्पा, पत्रिका कुणाला इचारून केलासा?

"केली कुठं? नावं बसवत हुतो."

"माझं नाव बी बसवलासा की."

"ते तर पयलंच बसवाय लागतंय."

"मग पयल्यांदा मला इचारायचं."

ते म्हणालं, "तुला इचारलं आणि तू न्हाय म्हणालीस तर पावण्यांना काय सांगू? म्हणून आधी पावण्यांचं बघत हुतो." एवढं सरळ बोलले. राग यायच्या ऐवजी मला त्यांचं वाईटच वाटलं. ते भ्यालेत राणे. बेचाळीस माणसांना भ्यालेत, आणि त्यात मी एकटी जिला भ्यायची गरज न्हाय असं त्यांना वाटलं.

मी म्हंटलं, मी न्हाय म्हणत न्हाय. व्हय बी म्हणत न्हाय. कोर्स करून येत्ये, एक वर्षानं सांगत्ये. तोवर कुणाला कायबी सांगायचं न्हाय.

आप्पा पाय पुसत बसलं. आई आतनं भाकरी थापत थापत म्हणाली, "त्या पत्रिकेत माझ्या म्हायारची नावं किती हायत?" आप्पांनी आठवून बघितलं. एकच निघालं, मुरगूडच्या माझ्या मामाचं, आणि त्यात बी आडनाव चुकलेलं. आई म्हणाली, "मग वरीसभर लागंलच की तुमाला."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सवताहून इचारलं, त्या फॉर्मला माझी सही लागती का? लागत न्हाय. तरी केली, कडेला, जिथं जागा हुती तिथं. फॉर्म गेला परवा.

आता तुझं. पत्रिका पुसू नको. आप्पांनी निरोप दिलाय, नावं परत लिवाय लागतील. मला बी पुसायची न्हाय, खरं सांगायचं तर. पण मसुद्यात ठेव, आणि दोरी माझ्या हातात दे. यजमानानं ओके दाबलं तरी माझं दाबल्याशिवाय ती भायेर येता कामा नये. आणि त्याचं बी. पोह्यावर न्हाय, नीट इचारून. हुतंय का तुझ्या प्लगइनमधी?

क्रांती

---

कोल्हापूर
१३ जुलै

क्रांते,

होतंय. प्लगइनला हात पण लावला नाही. त्याच्यात एक सोय आहे, अवस्था बदलायच्या आधी आपली अट तपासून घेते. मी टेबलला दोन रकाने वाढवले. नवरीचा होकार, नवऱ्याचा होकार. दोन्ही भरले नाहीत तर यजमानानं कितीही वेळा ओके दाबू दे, पत्रिका मसुद्यातच. मेसेज दोघांना वेगवेगळा जातो, आपापल्या नंबरवर. आणि तुझी सोडून बाकीच्या अठराच्या अठरा पत्रिकांच्या घरी मी स्वतः फोन करून माफी मागितली. चाचा शेजारी बसून होते. चार जणांनी ऐकवलं. बाकीच्यांना कळलंच नव्हतं. एका बाईंनी उलट मलाच विचारलं, दुसऱ्या मुलीसाठी स्थळ आहे का.

दोन रकान्यांवरून चाचांशी माझं पहिलं मोठं भांडण झालं. ते म्हणाले, "पोरी, तीस वर्षं वडिलांच्या सहीवर छापतोय. एक पत्रिका परत आली नाही." मी म्हटलं, चाचा, परत यायला ती कुणाच्या हातात तरी जायला पाहिजे ना. ते उठून मशीनला तेल घालायला गेले. ते जुनं मशीन दोन वर्षं बंद आहे, पन्नास पत्रिका आता प्रिंटरवरच निघतात. अर्ध्या तासानं येऊन म्हणाले, आठ दिवस चालवून बघ.

आठ दिवसांत पाच पत्रिका आल्या. कागलच्या मुलीनं एका मिनिटात होकार दिला, म्हणजे ती मेसेजची वाटच बघत होती. राधानगरीच्या मुलाचा होकार आला, पण नंतर कळलं की त्याचा फोन त्याच्या वडिलांकडे असतो. हे कसं सोडवायचं मला माहीत नाही. एका ठिकाणी मुलीनं होकाराऐवजी चाचांना फोन केला आणि विचारलं, "मला खरंच विचारताय का, का नुसतं दाबायचं आहे?" चाचा तिच्याशी वीस मिनिटं बोलले. मला दुकानाबाहेर जा म्हणाले. ती पत्रिका अजून मसुद्यात आहे. तेव्हापासून चाचा आठ दिवसांचं काही बोललेले नाहीत.

आणि आता खरी गोष्ट. हे तुला लिहावं का नाही यावर मी तीन दिवस घालवलेत.

तुझ्या पत्रिकेचे मेसेज पण गेले, सगळ्यांसारखेच. तुमचा घरचा फोन चावडी म्हणून तुझा मी मेलवर पाठवला, तू बघितला असशील. मी कोड लिहिताना एक ठरवलंच नाही, एकाचा होकार दुसऱ्याला दाखवायचा का. चाचा म्हणतात, दाखव, त्यात काय, धीर येतो माणसाला. माझं डोकं दोन्हीकडे जातंय. समज, एकानं होकार भरला आणि दुसऱ्याला तो दिसला. मग दुसऱ्याचा रकाना रिकामा राहिला तरी तो रिकामा राहत नाही, कुणीतरी बाहेर थांबलंय असं होतं. वर्षभर थांबलंय. ते तू मागितलेल्या वर्षावर ओझं नाही का? पण लपवला, तर मी परत तेच केलं. एका माणसाची गोष्ट मला माहीत, चाचांना माहीत, आणि जिच्यासाठी आहे तिलाच नाही.

टेबलमध्ये आत्ता एक ओळ अशी आहे जिच्यात एका बाजूचा होकार भरलाय. गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, घाई नाही. कुठली ओळ ते मी सांगत नाहीये, आणि न सांगता पण सांगून बसलेय, हे मला कळतंय. मागच्या वेळी विचारलं नव्हतं म्हणून या वेळी विचारतेय. दाखवायचं बटण मी अजून जोडलेलं नाही. तू एक ऑगस्टला कोर्ससाठी कोकणात जाशील तोवर थांबते.

लाल दोरी तुझ्या हातात आहे. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी उभं आहे का, हे दोरी धरणाऱ्याला माहीत असावं, की नसावं? तुला काय वाटतं?

राणी